बॅकएंड तयार, आकडे तयार, पण पडद्यावर आणताना घोडं पेंड खातंय

अर्धविराम

मंडळी, मी मूळचा बॅकएंडवाला, म्हणजे सर्व्हरवरच्या, पडद्यामागच्या कोडचा. डेटाबेस, जॉब आणि लॉग यांच्यातच वावरलो. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्टशी संबंध म्हणजे कुणाचा तरी फॉर्म मोडला की तेवढा डागडुजी करून पळ काढायचा.

आता प्रसंग असा. आमच्याकडे २१४ सेन्सर आहेत. तापमान आणि आर्द्रता, प्रत्येकाची दर मिनिटाला एक नोंद. त्या गोळा करणारी सर्व्हिस काही वर्षांपूर्वी मीच लिहिली, ती निमूट चालते आणि जेसन (डेटा पाठवायचा साधा मजकुरी साचा) देते. एका पत्त्यावर सेन्सरांची यादी, दुसऱ्यावर एकेका सेन्सरची ताजी नोंद, तिसऱ्यावर मागच्या २४ तासांच्या नोंदी. यावर एक पान हवंय. वर शोधचौकट, खाली तक्ता, ओळीवर क्लिक केलं की आलेख. रात्रपाळीची माणसं ते भिंतीवरच्या स्क्रीनवर सतत उघडं ठेवणार. दोन दिवसांचं काम म्हणून मान डोलावली होती, आज तिसरा आठवडा आहे.

अडलोय ते असं. कर्लने (टर्मिनलवरून रिक्वेस्ट पाठवायचं साधन) पत्ता मारला की डेटा झक्क येतो, ब्राउझरमधून मारला की कन्सोलमध्ये कॉर्सच्या (परक्या पत्त्यावरचा डेटा पानाला वाचू द्यायचा की नाही, याचे नियम) नावाने लाल अक्षरं. नेटवर्क टॅबमध्ये माझ्या रिक्वेस्टच्या आधी एक ऑप्शन्स रिक्वेस्ट दिसते, जी मी पाठवलेलीच नाही. तिला ४०१ (ओळख पटली नाही) मिळतं.

काही सेन्सरांपुढे "नोंद नाही" असं येतं. डेटाबेसात नोंद आहे, मी डोळ्यांनी पाहिली.

अधूनमधून "अनएक्स्पेक्टेड टोकन" अशी एरर येते आणि टोकन म्हणून नुसतं < हे चिन्ह, म्हणजे कोनी कंस, असतं. सर्व्हिस तर हे चिन्ह कुठेच पाठवत नाही.

आणि शेवटचं, रिअ‍ॅक्ट ही पानं बांधायची तयार लायब्ररी घ्यावी की साध्या जावास्क्रिप्टने भागेल? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तिरकस

शेवटचा प्रश्न विचारलात ना, आता पहिल्या तिघांची उत्तरं पन्नासाव्या प्रतिसादानंतर. मी सतरंजी टाकून बसलो आहे.

टिचकी

मी पहिल्या तिघांपासूनच सुरुवात करते, तिरकसरावांची सतरंजी वाया गेली तरी चालेल.

कॉर्समध्ये अडवणारा तुमचा सर्व्हर नाही, ब्राउझर आहे. म्हणून कर्लला काही होत नाही. प्रोटोकॉल, होस्ट आणि पोर्ट हे तिन्ही जुळले तरच ब्राउझरच्या लेखी घर एक. तुमचं पान लोकलहोस्टच्या ५१७३ वर आणि सर्व्हिस लोकलहोस्टच्याच ८०८० वर असेल तर ते दोघे परके. नाव एक असून उपयोग नाही.

ती ऑप्शन्स रिक्वेस्ट म्हणजे ब्राउझरने आधी जाऊन केलेली विचारपूस, प्रीफ्लाइट. साध्या गेटला (नुसता डेटा मागणाऱ्या रिक्वेस्टला) ती होत नाही. तुम्ही ऑथरायझेशन हेडर, म्हणजे ओळखीचं टोकन, लावत असणार, म्हणून होते. आता गंमत बघा. त्या विचारपूशीत ब्राउझर तुमचं ऑथरायझेशन हेडर पाठवतच नाही, "हे हेडर पाठवलं तर चालेल का" एवढंच विचारतो. तुमच्या सर्व्हिसमध्ये ओळख तपासणारा थर सगळ्यात पुढे बसला असेल तर तो या बिचारीलाही टोकन मागणार, आणि मग ४०१. कॉर्सची उत्तरं देणारा थर ओळख तपासणाऱ्या थराच्या आधी लावा. माझा एक अख्खा शनिवार यात गेला आहे.

डेव्हलपमेंटमध्ये याहून सोपं म्हणजे डेव्ह सर्व्हरची प्रॉक्सी, म्हणजे रिक्वेस्ट पुढे पोचवणारा मध्यस्थ. एपीआयने सुरू होणारे पत्ते त्यानेच पुढे ८०८० ला ढकलायचे. प्रत्यक्ष वापरात पान आणि सर्व्हिस एकाच रिव्हर्स प्रॉक्सीमागे ठेवा, कॉर्सचा विषयच मिटतो. शोधलंत की कुणीतरी फेचला (जावास्क्रिप्टमधून रिक्वेस्ट पाठवणारं फंक्शन) "नो-कॉर्स" मोड लावायला सांगेल. लावू नका. एरर जाते खरी, पण जे उत्तर हातात येतं ते बंद लखोट्यासारखं, आतलं वाचता येत नाही.

ते < म्हणजे एचटीएमएलचं पहिलं अक्षर. मधल्या प्रॉक्सीने ५०२ चं (मागची सर्व्हिस नीट उत्तर देत नाही, असं) पान पाठवलं, किंवा पत्ता चुकला आणि डेव्ह सर्व्हरने मुकाट्याने तुमचंच इंडेक्स पान २०० म्हणून परत दिलं. तुम्ही ते जेसन समजून उलगडायला गेलात. उलगडण्याआधी रिस्पॉन्सचं ओके (काम जमलं का) आणि कंटेंट-टाइप (आत जेसन आहे की एचटीएमएल) दोन्ही बघा.

अर्धविराम

ओके का बघायचं? ५०० (सर्व्हरमध्ये बिघाड) आलं तर फेच कॅचमध्ये, एरर पकडणाऱ्या भागात, जाईलच ना?

टिचकी

नाही जात. फेचच्या लेखी उत्तर आलं म्हणजे काम फत्ते, मग ते उत्तर "मी मेलो" असं का असेना. ४०४ असो की ५००, फेचने दिलेलं प्रॉमिस (उत्तर आणून द्यायचं वचन) पूर्णच होतं. नेटवर्क तुटलं, डीएनएस सापडला नाही, कॉर्सने अडवलं, असं काही झालं तरच ते फेटाळलं जातं. बाकी वेळी ओके नसेल तर आपणच एरर फेकायची.

कोपऱ्यातली खिडकी

"नोंद नाही" चं कोडं मी सोडवू का? ते सगळे सेन्सर शीतगृहातले किंवा तत्सम थंड जागचे आहेत का?

अर्धविराम

अहो, हो! तुम्हाला कसं कळलं?

कोपऱ्यातली खिडकी

तुमच्या कोडमध्ये साधारण असं काहीतरी असणार (जावास्क्रिप्टला देवनागरी नावं चालतात, त्यामुळे लाजत नाही):

तापमान || "नोंद नाही"

तापमान बरोब्बर ० असलं की जावास्क्रिप्ट त्याला "नाही" मानतं आणि उजवीकडचं उचलतं. शून्य अंश हे अगदी खरंखुरं माप आहे, पण तुमच्या पानाला ते गैरहजर वाटतं. दोन उभ्या रेघांच्या जागी दोन प्रश्नचिन्हं घाला:

तापमान ?? "नोंद नाही"

हे फक्त नल (मूल्य नाही) आणि अनडिफाइंडला (मूल्य दिलंच नाही) अडतं, शून्याला जाऊ देतं. २०२० च्या आवृत्तीपासून भाषेत आहे, त्यामुळे आजच्या कुठल्याही ब्राउझरमध्ये चालेल.

आता याचीच उलटी बाजू, जी जास्त घातक आहे. आलेखाला आकडे देताना तुम्ही प्रत्येक मूल्य "नंबर" मधून काढत असाल तर जपा. नंबरला नल दिलं की ० मिळतो. रिकामी स्ट्रिंग दिली तरी ०. अनडिफाइंड दिलं तर मात्र एनएएन (हा आकडाच नाही). म्हणजे सेन्सर वीस मिनिटं बंद होता, डेटाबेसात नल आहेत, आणि आलेखात रेघ ३८ वरून धाडकन शून्यावर जाऊन वीस मिनिटांनी परत ३८ वर. बघणाऱ्याची पाचावर धारण. नल हे नलच राहू द्या. आलेखासाठी चार्ट जेएस ही लायब्ररी असेल तर नल मिळालं की ती रेघ तिथे तोडते, आणि तुटलेली रेघच हवी आहे आपल्याला.

शून्य, "माहीत नाही" आणि "विचारलंच नाही" ही तीन वेगळी माणसं आहेत. त्यांना एकाच खुर्चीत बसवू नका.

रात्रपाळी

वाखुसा (वाचनखूण साठवली). हे शून्याचं प्रकरण आमच्याकडे शिलकी साठ्याच्या पानावर झालं होतं. साठा संपला की "माहिती उपलब्ध नाही". लोकांना वाटायचं पान नादुरुस्त आहे.

वाटसरू

रिअ‍ॅक्टचं बोलू का आता?

तिरकस

या, या. सतरंजी अजून आहे.

वाटसरू

मी एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्टच्या (पान न बदलता डेटा आणायची फेचच्या आधीची सोय) काळातला माणूस. ती सोय इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये १९९९ साली आली, "एजॅक्स" हे नाव मिळालं २००५ मध्ये. सहा वर्षं आम्ही बिननावाचं काहीतरी वापरत होतो. पुढच्याच वर्षी जेक्वेरी, २०१३ मध्ये रिअ‍ॅक्ट. प्रत्येक वेळी वाटलं की आता प्रश्न सुटला.

एक पान, एक तक्ता, २१४ ओळी. साध्या जावास्क्रिप्टने आरामात होतं. अडचण पहिल्या दिवशी नसते. "गाळणी लावली असताना नवा डेटा आला, निवडलेली ओळ गाळणीतून बाहेर गेली, तर आलेख दाखवायचा की नाही" अशी वाक्यं सुरू झाली की मेमरीतली स्थिती आणि पडदा यांचा मेळ हाताने घालणं जीवावर येतं. मग तुम्ही स्वतःच एक छोटं, गचाळ फ्रेमवर्क लिहून बसता आणि त्याला "हेल्पर्स" म्हणता. माझ्याकडे अशी तीन आहेत.

तुमच्या जागी मी साधंच लिहिलं असतं, पण एका अटीवर. सगळी स्थिती एका ऑब्जेक्टमध्ये, आणि तिच्यावरून पडदा रंगवणारं एकच फंक्शन. पडद्यावरून परत काही वाचायचं नाही, कधीच. ही शिस्त पाळली तर उद्या रिअ‍ॅक्ट किंवा व्ह्यूवर जाणं दोन दिवसांचं काम. नाही पाळली तर फ्रेमवर्क घेऊनही तेच हाल.

"पडद्यावरून वाचायचं नाही" यावर एक स्वानुभव. जावास्क्रिप्टमधल्या इंटलच्या नंबरफॉरमॅटला (आकडे त्या त्या भाषेत मांडणारी सोय) "एमआर-आयएन" सांगितलं की तो आकडे देवनागरीत देतो. छान दिसलं, ठेवलं. नंतर रकान्यानुसार क्रम लावायचं बटण केलं आणि त्यात मी मख्खपणे तक्त्याच्या घरातला मजकूर वाचून नंबरमध्ये बदलला. जावास्क्रिप्टला "३८.५" हा आकडा आहे हे कळत नाही, एनएएन देतं. सगळ्या ओळी एनएएन, क्रम जसाच्या तसा, आणि मी दोन तास सॉर्टच्या फंक्शनशी भांडत होतो.

नवा भिडू

अवांतर प्रश्न, क्षमस्व. मी रिअ‍ॅक्टमध्येच असंच पान शिकतोय. यूझइफेक्टमध्ये (घटक पडद्यावर आला की चालणारा कोड) एकदाच फेच लिहिलंय तरी नेटवर्क टॅबमध्ये रिक्वेस्ट दोनदा जाते. माझं काय चुकतंय?

टिचकी

काही नाही चुकत. रिअ‍ॅक्ट १८ पासून स्ट्रिक्ट मोडमध्ये, फक्त डेव्हलपमेंटला, घटक मुद्दाम एकदा लावून, काढून, परत लावतात. तुमचा इफेक्ट स्वतःची आवराआवर करतो की नाही हे उघडं पडावं म्हणून. स्ट्रिक्ट मोड काढून टाकू नका. इफेक्टमधून एक फंक्शन परत द्या आणि त्यात रिक्वेस्ट रद्द करा.

अर्धविराम

मंडळी, दंडवत. कॉर्स गेलं (थरांचा क्रमच चुकला होता), शून्य दिसू लागलं, कोनी कंसाचा उगम प्रॉक्सीत सापडला. वाटसरूंचं ऐकून साधं जावास्क्रिप्ट घेतलं, एक ऑब्जेक्ट, एक रंगवणारं फंक्शन.

आता नवं दुखणं. पान पूर्ण भरायला ९ सेकंद लागतात. सर्व्हिसचं लॉग बघतो तर प्रत्येक उत्तर पाव सेकंदात जातंय. मग उरलेला वेळ कुठे मुरतो?

टिचकी

रिक्वेस्ट किती जातात ते सांगा, मुरलेला वेळ मी दाखवते.

अर्धविराम

यादीची एक, मग प्रत्येक सेन्सरच्या ताज्या नोंदीची एक. २१५.

टिचकी

एचटीटीपी १.१ वर क्रोम एका होस्टशी एकावेळी सहाच कनेक्शन उघडतो. २१४ भागिले ६ म्हणजे ३६ फेऱ्या. गुणिले पाव सेकंद, ९ सेकंद. नेटवर्क टॅबमध्ये वॉटरफॉलचा रकाना बघा, सहा-सहाच्या पायऱ्या दिसतील.

तुम्ही बॅकएंडवाले, हेच डेटाबेसात कुणी केलं असतं, यादीची एक क्वेरी आणि मग ओळीगणिक एकेक, तर तुम्ही त्याला फैलावर घेतलं असतं. एचटीटीपी २ लावलं तर सहाची मर्यादा जाईल, पण मग २१४ क्वेऱ्या जवळपास एकदम तुमच्या डेटाबेसावर. सर्व्हिस तुमचीच आहे ना? यादीच्या उत्तरातच ताजी नोंद द्या. पडद्याला एका नजरेत जे लागतं ते एका रिक्वेस्टमध्ये.

अर्धविराम

शरम वाटली, पण केलं. ९ सेकंदांचे ०.४ झाले. शोधचौकटही जोडली, अक्षर टाइप केलं की सर्व्हिसला विचारते. तिथे एक भुताटकी आहे. "क-१२" टाइप केलं तर कधी कधी "क-१" चे सगळे निकाल दिसतात.

कोपऱ्यातली खिडकी

भूत नाही, उशिरा आलेला पाहुणा. "क-१" ला जास्त निकाल, म्हणून त्याचं उत्तर रमतगमत येतं. तोवर "क-१२" चं येऊन पडद्यावर बसलेलं असतं, आणि मागून आलेला त्याला उठवून स्वतः बसतो. उत्तरं विचारल्याच्या क्रमाने येतील अशी हमी कुणीच देत नाही. अ‍ॅबॉर्ट कंट्रोलर वापरून नवी रिक्वेस्ट पाठवताना जुनी रद्द करा, आणि टायपिंग थांबून ३०० मिलिसेकंद झाले की मगच विचारा.

हे शास्त्र झालं. तुमच्या बाबतीत मात्र २१४ ओळी आधीच मेमरीत आहेत. सर्व्हिसला विचारता कशाला? तिथल्या तिथे फिल्टर करा. २ लाख ओळी असत्या तर मी वेगळं बोलले असते.

अर्धविराम

हे सुचलंच नाही. हात बॅकएंडकडेच जातो.

आणखी दोन विचित्र गोष्टी सांगतो. एका सेन्सरच्या नावात कुणीतरी कोनी कंसात इंग्रजीतून "ओल्ड" असं लिहून ठेवलंय. तक्त्यात तो शब्द गायब, बाकी नाव दिसतं. आणि दोन वेगळ्या सेन्सरांवर क्लिक केलं तर आलेख एकच उघडतो.

टिचकी

पहिल्याचं कारण इनरएचटीएमएल. ओळी स्ट्रिंग जोडून बनवता आणि ती आत ओतता, हो ना? ब्राउझरला कोनी कंसातला शब्द टॅग वाटला. अनोळखी टॅग, म्हणून दाखवला नाही. आज शब्द गायब झाला यावर हसू नका. त्या जागी कुणी इमेजचा टॅग आणि त्यात ऑनएरर (चित्र मिळालं नाही की चालणारा कोड) लिहिला असता तर तो कोड तुमच्या रात्रपाळीच्या लॉगिनखाली चालला असता. (स्क्रिप्टचा टॅग अशा रीतीने ओतला तर चालत नाही, म्हणून लोक गाफील राहतात.) मजकूर टेक्स्टकंटेंटनेच घाला, तो त्यात टॅग शोधत नाही.

दुसऱ्यासाठी, आयडी किती अंकी आहेत?

अर्धविराम

६४ बिटी पूर्णांक. सोळा-सतरा अंकी.

टिचकी

सापडला चोर. जावास्क्रिप्टचे साधे आकडे सगळे फ्लोटिंग पॉइंट (अपूर्णांकही मावावेत असे साठवलेले), ६४ बिटी असूनही नेमकेपणा ५३ बिटांचाच. ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतचे पूर्णांक बिनचूक, पुढे भरवसा नाही. सर्व्हिसने ९००७१९९२५४७४०९९३ पाठवला की जेसन उलगडतानाच त्याचा ९००७१९९२५४७४०९९२ होतो. एरर नाही, इशारा नाही. आता ९९२ नावाचाही सेन्सर असेल तर दोघांचा आलेख एक. आयडीवर बेरीज-वजाबाकी करायची नसते, ते स्ट्रिंग म्हणून पाठवा. ट्विटरला २०१० मध्ये हेच करावं लागलं होतं, आकड्याशेजारी तोच आयडी स्ट्रिंगमध्ये.

तिरकस

म्हणजे भाषेला मोठे आकडे मोजता येत नाहीत, हे ती भाषा सांगत नाही, आणि दोष आकड्यांचा. एखाद्या साहेबाची आठवण झाली.

अर्धविराम

पान मागच्या आठवड्यात भिंतीवर चढलं. आज मान खाली घालून लिहितोय.

दर १० सेकंदांनी सेटइंटरव्हलने डेटा आणायचा असं लावलं होतं. टिचकीताईंनी सांगितल्याप्रमाणे ओके नसेल तर एरर फेकत होतो, ती कॅचमध्ये पकडत होतो, आणि कॅचमध्ये फक्त एक कॉमेंट होती, "नंतर बघू".

रात्री २ वाजता टोकनची मुदत संपली. तिथून पुढे प्रत्येक रिक्वेस्टला ४०१. सकाळी ७ पर्यंत भिंतीवर रात्री २ चे आकडे. सगळे हिरवे. पहाटे ४ वाजता एका खोलीचं तापमान चढलं, ते पानावर दिसलंच नाही. नशिबाने माणूस फेरीवर होता, त्याला हाताला जाणवलं. नुकसान झालं नाही. पण तो मला सकाळी म्हणाला, "साहेब, पान बंद पडलं असतं तर मी जास्त फेऱ्या मारल्या असत्या."

त्या वाक्याने झोप उडाली आहे.

रात्रपाळी

त्या माणसाच्या जागी मी अनेकदा उभा राहिलो आहे. काळा पडदा परवडला. काळा असेल तर आम्ही फोन करतो.

कोपऱ्यातली खिडकी

अर्धविराम, रिकामा कॅच आपण सगळ्यांनी लिहिला आहे, त्याचं फार मनावर घेऊ नका. पण त्या पानाची मांडणी मुळातून बदला.

लोक चार स्थिती धरतात. आणतोय, आला, रिकामा आहे, चुकलं. सतत उघड्या राहणाऱ्या पानाला पाचवी लागते: आधी आला होता, पण ताजा करता येत नाहीये. या पाचवीत आकडे पुसायचे नाहीत, रात्री २ ला काय होतं हेही कामाचं असतं. पण त्यांचा रंग काढून घ्यायचा. हिरवा म्हणजे "आत्ता ठीक आहे" असं विधान आहे, आणि ते विधान करायचा हक्क पानाने गमावलेला असतो. राखाडी करा आणि शेजारी वय लिहा, "५ मिनिटांपूर्वी". हे वय एका वेगळ्या टायमरने वाढत राहिलं पाहिजे, डेटा आणणाऱ्या कोडवर अवलंबून नको. तो कोड मेला तरी वय वाढायला हवं.

सेटइंटरव्हलही काढा. आधीचं उत्तर आलं नसलं तरी तो पुढची रिक्वेस्ट सोडतो, सर्व्हिस आजारी असताना तिच्या छातीवर बसतो. उत्तर आल्यावर, किंवा फसल्यावर, सेटटाइमआउटने पुढची वेळ लावा. लागोपाठ फसत असेल तर अंतर वाढवत न्या. ४०१ ला मात्र पुन्हा पुन्हा ठोठावण्यात अर्थ नाही, तिथे थेट लॉगिनकडे.

वाटसरू

सर्व्हर-सेंट इव्हेंट्स (जोडणी उघडी ठेवून सर्व्हरनेच नवा डेटा पाठवत राहणं) का नको? ब्राउझरमधलं त्यांचं इव्हेंटसोर्स तुटलं तर आपणहून परत जोडून घेतं.

टिचकी

मिनिटाला एक नोंद असताना विचारत राहणं पुरतं. शिवाय एचटीटीपी १.१ वर त्या सहा कनेक्शनांतलं एक प्रत्येक टॅब कायमचं धरून बसतो. कुणी सात टॅब उघडले की सातवा फिरत बसेल. आणि अर्धविरामांना कनेक्शनचा त्रास नव्हताच, फसलेलं लपवल्याचा होता. ते कायम उघड्या जोडणीवरही लपवता येतं.

अर्धविराम

बदललं. आता प्रत्येक ओळीत वय आहे, तीन मिनिटांवर गेलं की ओळ राखाडी. पण दोन मशीनवर वेगळं दिसतं. एकीकडे वय "उणे ४ मिनिटं" येतं, दुसरीकडे सगळंच साडेपाच तास जुनं.

कोपऱ्यातली खिडकी

उणे वय म्हणजे त्या मशीनचं घड्याळ मागे. ब्राउझरच्या घड्याळावर विसंबू नका. उत्तरात सर्व्हरची "आत्ताची वेळ" पाठवा आणि फरक तिच्याशी काढा. उत्तरासोबतच्या डेट हेडरवरून काढायला जाल तर पान आणि सर्व्हिस वेगळ्या ओरिजिनवर (वर सांगितलेलं प्रोटोकॉल, होस्ट, पोर्टचं घर) असताना तो जावास्क्रिप्टला मुळात दिसतच नाही, सर्व्हरने तसं मुद्दाम उघडं केल्याशिवाय.

साडेपाच तास म्हणजे सर्व्हिस यूटीसीतली (भारताच्या साडेपाच तास मागची जागतिक) वेळ पाठवते पण तसं लिहीत नाही. तारीख आणि वेळ दोन्ही असून शेवटी वेळेचा विभाग नसेल तर जावास्क्रिप्ट ती स्थानिक वेळ समजतं. नुसती तारीख असेल तर मात्र यूटीसी समजतं. असं का, विचारू नका. शेवटी झेड (यूटीसीची खूण) लावा.

आणि एक विचारायचं राहिलं. वय काढताना कुठली वेळ धरता? ब्राउझरला उत्तर मिळाल्याची, सर्व्हरने उत्तर बनवल्याची, की सेन्सरने मोजल्याची?

अर्धविराम

सर्व्हिस जी नोंदीची वेळ देते ती. म्हणजे मोजल्याचीच असणार. थांबा, बघून सांगतो.

अर्धविराम

बघितलं.

सर्व्हिसमध्ये एक फंक्शन आहे. एखाद्या मिनिटाला सेन्सरकडून काही आलं नाही तर ते मागचं मूल्य उचलतं, त्यावर चालू मिनिटाची वेळ घालतं आणि नोंद म्हणून टाकतं. वर कॉमेंट आहे, "आलेखात खड्डे दिसू नयेत म्हणून". लिहिणारा कोण म्हणून इतिहास काढला. मीच.

मूळ नोंदींची वेळ वेगळ्या रकान्यात होती, ती आता एपीआयमध्ये दिली. पान ताजं केलं तर २१४ पैकी ९ ओळी राखाडी. आठांचं वय दिवसांत आहे. एकाचं १४ महिने.

तिरकस

म्हणजे पेंड खाणारं घोडं तुमच्याच तबेल्यातलं.

अर्धविराम

हो. आणि १४ महिने मीच चारत होतो. उद्या सकाळी त्या नऊ जागी जाऊन बॅटऱ्या बघायच्या आहेत. रात्रपाळीला आज फोन करून नऊ नंबर सांगितले, तिथे हाताने मोजा म्हणून. त्यातले सहा त्याला आधीच माहीत होते.